अमोनियाचा थेंब

चिंतामणीकाकांनी समुद्र कधी पाहिला नाही. जबलपूरच्या एका कॉलेजात, भूशास्त्राच्या लॅबमध्ये, एकतीस वर्षं ते समुद्रतळाच्या गाळाच्या काचपट्ट्या करत आले. त्या गाळात सूक्ष्म शैवालांचे कॅल्साइटचे सांगाडे असतात. मायक्रोस्कोपच्या काळोखात ते पांढऱ्या फुल्यांसारखे चमकतात.

"रोज समुद्र घेऊन बसता. मला काहून नाही नेत?" हेमलताकाकू टोमणा मारायच्या.

"रिटायर होऊ दे. मग चलो."

फेब्रुवारीत काकू गेल्या. नर्मदेच्या ग्वारीघाटावर सगळं उरकलं आणि चौदाव्या दिवशी काका मदन महल भागातल्या घरून डब्याशिवाय कामावर आले. त्याच दिवशी त्यांनी रुचिराच्या पीएच.डी.चा गाळ बारा कुप्यांत भरला.

महिन्याभराने पट्टी लावून पाहिली. काळोख. दुसरी, तिसरी, तोच काळोख. त्यांनी कुपी हुंगली. वासच नव्हता.

नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात हे सांगाडे हळूहळू विरघळतात, म्हणून प्रत्येक कुपीत अमोनियाचा एक थेंब टाकतात. लॅबमधल्या प्रत्येक नव्या पोराला हे काकांनीच शिकवलेलं.

त्यांनी रुचिराला बोलावलं.

"तुझा गाळ गेला. मी अमोनिया टाकलाच नाही."

"किती कुप्या?"

"बाराही."

"मजाक नका करू, काका."

"मजाक नाही करून राहिलो."

ती मायक्रोस्कोपला डोळा लावून बराच वेळ बसली. मग हळूच म्हणाली, "गाईड सरांना सांगू, गाळच खराब आला होता."

"गाळ चांगला होता."

"अहो, माझी तीन वर्षं आहेत त्यात! तुम्हाला रडायला तरी येतं का?" ती ओरडली आणि लगेच तिने ओठ चावला.

काकांनी विचार केला. "नाही येऊन राहिलं," ते म्हणाले. वेळ सांगावी तसं.

रुचिराने खण उघडून एक पुडी काढली. तळाशी चिमूटभर गाळ उरला होता. "एका खेपेपुरता आहे. बस." ती पुडी धरून उभी राहिली. काकांनी हात पुढे केला नाही.

शेवटी तिनेच पुडी त्यांच्यासमोर ठेवली. "तुमच्यासारखी पट्टी मला जमत नाही."

काकांनी पहिल्या कुपीत गाळ सोडला, पाणी घातलं. अमोनियाच्या बाटलीपाशी हात थांबला.

"थेंब तू टाक. मी टाकला की नाही, हे मला आठवत नाही आजकाल."

तिने टाकला. उग्र भपक्याने ती दोन पावलं मागे सरली, डोळे पुसू लागली. काका मात्र कुपीवर वाकले.

"आला वास?"

"आला," ते म्हणाले, बूच लावलं आणि दुसरी कुपी तिच्यापुढे सरकवली.