हमिदाबीच्या हाती दिलेला हात

अनसिंग आणि पंचक्रोशीतील समस्त मनगटांना अत्यंत दुःखाने कळविण्यात येते की, श्रीमती हमिदाबी मन्यारीण पैगंबरवासी झाल्या. सर्व बांगड्यांनी क्षणभर वाजणे थांबवावे.

महिन्यापूर्वी बाजारात मला ही बातमी कळली आणि वांग्यांचा भाव करता करताच माझा डावा हात आपोआप पुढे झाला… अंगठा आत, बोटं जुळवलेली, बांगड्या भरून घेताना धरतात तसा. बांगड्या भरण्याआधी हमिदाबी नुसता हात चोळत बसे. “गार पडला हात. सासू आली काय वं घरी?” असं विचारी, आणि सासू खरंच आलेली असे. “हात ढिल्ला सोड. हात ढिल्ला झाला का जीव ढिल्ला होते,” हे तिचं सगळं तत्त्वज्ञान.

चार वर्षांपूर्वी आमचे बाबा गेले. धाकटी शांता रिठदहून, सासरहून पोचली तोवर सारं आटोपलं होतं. ती रडली नाही. तेरवी झाली तरी नाही. जेवेना, बोलेना, मुठी आवळून भिंतीशी बसलेली. बाबांच्या बहिणीने, आमच्या आत्याबाईंनी, तेरा दिवस असा गळा काढला होता की पलीकडच्या आळीतली गुरं दचकत. त्या म्हणाल्या, “बाप गेला अन् पोरीच्या डोळ्यात टिपूस नाही. दगड हाये का काय?” शांता आणखीच आक्रसली. ही अशीच दगड होऊन सासरी परत जाते की काय, या भीतीने मला झोप लागेना.

सासरी निघण्यापूर्वी लेकीला बांगड्या भरायच्या, म्हणून हमिदाबीला बोलावलं. तिने शांताची मूठ उघडली नाही. दोन्ही तळव्यांत धरून बसली. बऱ्याच वेळाने मूठ आपणच सैल झाली. मग तिने टोपलीतून बांगडी काढली, ती चक्क एक माप लहान.

“हमिदाबी, ही जायची नाही,” मी म्हटलं.

“तू चूप बस वं.”

दाबत, चोळत बांगडी अंगठ्याच्या हाडाशी येऊन अडली. शांताच्या कपाळावर घाम फुटला.

“दुखते,” ती पुटपुटली.

“मंग सांग ना, बेटा. दुखते तं सांगा लागते.”

“लय दुखून राह्यलं… लय…” आणि शांता तिच्या मांडीवर कोसळून, बाबांना हाका मारत रडली. हमिदाबी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. नंतर अडलेली बांगडी तिने अलगद मागे घेतली आणि नीट मापाच्या भरल्या.

हमिदाबी टोपली आवरू लागली, तेवढ्यात दारातल्या आत्याबाई येऊन तिच्यासमोर बसल्या. आपल्या बांगड्या त्यांनी कोपराकडे सारल्या, हात पुढे केला आणि तेरा दिवसांत पहिल्यांदाच आवाज न चढवता म्हणाल्या,

“हमिदा, मलेबी ती लहानीच भर.”