साहेबांना विचारून सांगतो

दोनदा नापास झालेला माणूस कँटीनमध्ये भिंतीकडे तोंड करून बसतो. मी तसाच बसायचो. नाशिकच्या अंबड भागातल्या आमच्या कारखान्यात विजेची मोठी पॅनल्स बनतात आणि ती गिऱ्हाइकाच्या जागेवर नेऊन उभी करण्याचं काम माझ्याकडे. मी प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या परीक्षेला बसतोय हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं, आणि पास होत नाहीये हेही. गेटवरचा वॉचमनसुद्धा विचारायचा, "काय भाऊ, लागला का निकाल?" या परीक्षेचा निकाल तिथल्या तिथं कॉम्प्युटरवर लागतो, आणि माझा लागून गेला होता. पण हे त्याला कोण सांगणार? मी म्हणायचो, "लागेल, लागेल."

हा उद्योग माझ्या डोक्यातून निघालेला नव्हता. एका परदेशी गिऱ्हाइकानं अट घातली की त्यांच्या कामाचा प्रमुख प्रमाणपत्र असलेलाच पाहिजे, आणि साहेबांनी माझं नाव दिलं. दहावीनंतर शाळा सोडून तारा ओढायला गेलेल्या माणसाचं! दहावीवाल्यालाही ही परीक्षा देता येते, फक्त अनुभव जास्त दाखवावा लागतो. दाखवायला माझ्याकडे तेवढाच होता. पास झालो तर नोकरी कायम. नाही झालो तर मार्चमध्ये कंत्राट संपणार आणि माझ्या खुर्चीत डिग्रीवाला बसणार.

कायम नोकरी म्हणजे माझ्या लेखी एकच गोष्ट होती. बायको आणि मुलगी नाशकात येणार. त्या दोघी तिकडे यवतमाळकडे, माझ्या गावी. मी वर्षातून दोन-तीनदा पाहुण्यासारखा जायचो. गावातली शाळा सातवीपर्यंत, आणि मुलगी सातवीत होती. जूनमध्ये ती कुठल्या वर्गात बसणार याचं उत्तर एका इंग्रजी परीक्षेत अडकून पडलं होतं.

बायकोचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला.

"झाला का अभ्यास?"

"चालू आहे."

"चालू तं मागच्या बारीलेबी होता."

मी विषय बदलायचो. जेवलीस का, विचारायचो.

पहिल्या वेळी इंग्रजीनंच घात केला. तिथं प्रश्न म्हणजे एकेक गोष्टच असते. कुणाचा माल अडकलाय, कोण कुणावर चिडलंय, कुणी काय कबूल केलं होतं हे मला उमगेपर्यंत घड्याळ पुढं गेलेलं. कितीतरी प्रश्न न वाचताच राहिले. दुसऱ्या वेळी मी सगळे प्रश्न वाचले, सगळे मला कळले, वेळही उरला, आणि तरी नापास. खरं सांगतो, ते जास्त लागलं. पहिल्यांदा माझं इंग्रजी नापास झालं होतं, दुसऱ्यांदा मी झालो. वर्षात तीनदाच बसता येतं. म्हणजे आता एकच संधी हातात, आणि आपलं काय चुकतंय हेच माहीत नाही. आंधळ्यासारखं झालं होतं. पुस्तक उघडलं की दोन ओळींतच कपड्यांची बादली आठवायची. मी ते बंद करून कपडे धुवायला घ्यायचो. त्या दिवसांत माझे कपडे फार स्वच्छ असायचे.

प्लॅनिंगमध्ये मालेगावची एक मुलगी होती, इंजिनीअर. तिनं ही परीक्षा पहिल्याच फेरीत काढली होती, म्हणून मी तिला टाळायचो. एक दिवस तीच डबा घेऊन माझ्या टेबलावर आली.

"दादा, भिंतीवर काय लिहिलंय का? रोज वाचत बसता ते?"

मी हसलो. ती हसली नाही. हात पुढं करून म्हणाली, "मोबाईल द्या. सराव परीक्षा कुठंय? चुकलेले दाखवा."

वयानं ती माझ्यापेक्षा किती लहान! लाज वाटली, पण दिला. तिनं एका हातानं पोळी खात दुसऱ्या हातानं माझी उत्तरं वर सरकवायला सुरुवात केली. थोड्या वेळानं तिचं खाणं थांबलं. मग ती हसायला लागली ती ठसका लागेपर्यंत.

"अरे यार दादा! हे काय केलंय? माल उशिरा येणार, तुमचं उत्तर काय, साहेबांना विचारा. टीममध्ये दोघांचं भांडण, साहेबांकडं न्या. गिऱ्हाइकानं नवीन काम घुसवलं, साहेबांना विचारा. तुमचे साहेब जेवतात कधी हो?"

मी म्हटलं, "मग काय चुकलं? विचारायला नको?"

"प्रोजेक्ट मॅनेजर तुम्ही आहात. आधी तुम्ही बघायचं, काय परिणाम होतो ते. टीमशी बोलायचं. हातात आहे तेवढं ठरवायचं. अगदीच हाताबाहेर गेलं तर मग साहेब. या परीक्षेत साहेबांचा फोन बंद आहे असं समजा."

मग तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि तिचं हसू गेलं. म्हणाली, "सॉरी दादा. पण बघा ना, इंग्रजी तुमचं बरोबर आहे. सगळं कळतंय तुम्हाला."

सगळं कळत होतं, तेच तर दुखणं होतं. तिला कसं सांगू? आमच्या साहेबांनी मला निफाडकडच्या एका साखर कारखान्याच्या कामावर पाहिलं. मी दुसऱ्याच ठेकेदाराचा माणूस होतो. पाठ टेकायला जागा नव्हती, पॅनलच्या रिकाम्या खोक्यात झोपायचो. त्यांनी मला उचलून अंबडला आणलं, सुपरवायझर केलं, मीटिंगमध्ये डिग्रीवाल्यांच्या शेजारी बसवलं. "अरे, तू बोल रे, घाबरतोस काय," असं चारचौघांत म्हणायचे. अशा माणसाला न विचारता मी बोल्टसुद्धा बदलला नव्हता. आमच्याकडं विचारणं म्हणजे मान देणं. थोरल्याला सगळं माहीत असतं, आपल्यालाही माहीत असतं, तरी जाऊन विचारायचं. मला वाटायचं, मी आज जिथं आहे तिथं विचारून विचारूनच पोचलोय. आणि आता परीक्षा सांगत होती की याच गुणावर तू नापास आहेस.

त्या मुलीनं मला शिस्त लावली. साहेबांना फोन लावण्याआधी तिला येऊन सांगायचं, फोन लागलाच नाही तर मी काय करीन. सुरुवातीला मी एवढंच म्हणायचो, "ते... बघू." ती म्हणायची, "बघू हे उत्तर नाही दादा. पर्यायांत बघू नसतं." हळूहळू जमायला लागलं. सरावात गुण चढले. मला, देवाची शपथ, मोठं झाल्यासारखं वाटायला लागलं. तिथंच गडबड झाली.

लासलगावजवळ कांदा वाळवण्याचा एक कारखाना उभा राहत होता, त्यांची पॅनल्स पाठवायची होती. मी जागेवर होतो, क्रेन आलेली होती. ट्रेलर मात्र मार्केटच्या अलीकडं अडकला. लिलावाचा दिवस, ट्रॅक्टरची रांग हलेना. ड्रायव्हर फोनवर म्हणाला, "भाऊ, पुढं बी कांदा, मागं बी कांदा. मी काय उडून येऊ?" ट्रेलर पोचेपर्यंत ऊन उतरणार होतं, आणि अंधारात एवढं वजन उचलायचं म्हणजे कुणाचा तरी पाय जायचा. मी नेहमीसारखा मोबाईल काढला. मग खिशात ठेवला. क्रेनवाल्याशी बोललो, पोरांशी बोललो, आणि ठरवलं की माल उद्या सकाळी उतरवायचा. सगळ्यांना घरी पाठवलं. परत येताना बसमध्ये मी खूश होतो. पुस्तकातला प्रश्न आज जागेवर सोडवला, असं वाटत होतं.

पण साहेबांनी कांद्याच्या कारखान्याच्या मालकाला त्याच दिवशी माल उतरेल असा शब्द दिलेला होता. मालकानं त्यांना चार माणसांत फोन करून झापलं. साहेबांना काहीच माहीत नव्हतं.

सकाळी त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "या. बसा. तुम्हाला आता आमची गरज राहिलेली नाही, असं दिसतंय."

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मी उभाच राहिलो. अंधाराचं, क्रेनचं, माणसांच्या पायाचं सांगायला लागलो, तर म्हणाले, "निर्णय चुकला असं कुठं म्हणतोय मी? जा, काम बघा."

कंत्राटाचा कागद मार्चमध्ये त्यांच्याच टेबलावर येणार होता. परीक्षा पास व्हायची म्हणून मी विचारणं सोडलं, आणि विचारणं सोडलं म्हणून, परीक्षा पास झालो तरी ज्यांनी सही करायची तेच तुटले. दोन्हीकडून दार बंद. दुपारी मी गेटबाहेर बसस्टॉपवर जाऊन बसलो. मुंबई नाक्याची बस आली, गेली. पुढची आली, तीही गेली. वाटत होतं, एकीत चढावं, स्टँडवर जावं, गावाकडची गाडी पकडावी, आणि बायकोला सांगावं की संपलं. मुलीला जूनमध्ये तालुक्याला एसटीनं धाडू, नाहीतर बसू दे घरी. आणि हे 'बसू दे घरी' मनात आलं तसं मला घाम फुटला. मलाही घरी असंच कुणीतरी म्हणालं होतं. वाईट हेतूनं नव्हे, थकून.

ती मालेगावची मुलगी मला शोधत बाहेर आली. मी तिच्यावरच चिडलो. "तुमच्या पुस्तकानं माझी वाट लावली ताई."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ठरवलंत ते बरोबर होतं दादा. पण साहेबांना सांगायचं होतं ना! मी असं असं ठरवलंय, एवढाच एक फोन. मालकाला त्यांनी आधीच सांभाळून घेतलं असतं."

"मग ते विचारणंच झालं की."

"नाही हो. विचारताना ओझं तुम्ही त्यांच्या डोक्यावर देता. सांगताना ते तुमच्याच डोक्यावर असतं, फक्त त्यांना दिसतं. कळलं? परीक्षेतपण हेच आहे. आधी तुम्ही साहेब-साहेब करत होतात, आता साहेबांना उडवूनच टाकलंत. दोन्ही चूक."

ती शेजारी बसून राहिली, तिचं काम सोडून. माझं नाशकात कुणी नव्हतं असं मी म्हणतो, पण ते खरं नाही.

परीक्षेच्या दिवशी मला ताप होता. केंद्रात खिसे उलटे करून दाखवायला लावतात, बाह्या वर करायला लावतात. आरशात पाहिलं तर मी चोरासारखा दिसत होतो. पहिले प्रश्न डोळ्यांपुढं नुसते हलत होते. मग एक आला. सामान वेळेत पोचत नाही, टीमनं दुसरा मार्ग काढलाय, आता प्रोजेक्ट मॅनेजरनं काय करावं? विचारा, असा पर्याय होता. काही न बोलता पुढं जा, असाही होता. मी दोन्ही सोडून तिसरा, ठरवा आणि वर कळवा हा, निवडला आणि मला एकदम रडू आलं. पाळत ठेवणारी बाई काचेतून बघायला लागली. मी डोळे पुसले आणि पुढचा प्रश्न वाचला. शेवटपर्यंत मला एकदाही वाटलं नाही की मी पास होतोय.

शेवटी पडद्यावर जे आलं ते वाचून माझा विश्वास बसला नाही. बाहेर काउंटरवर कागद मिळाला. मी तिथल्या मुलीला विचारलं, "हे पासच आहे ना?"

"हो काका. वरतीच लिहिलंय."

कारखान्यात तो कागद आधी साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, मागची कोरी बाजूसुद्धा पाहिली. मी म्हटलं, "साहेब, त्या दिवशी मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. ते चुकलं. माल उतरवला नाही ते चुकलं नाही."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "सोमवारी परदेशी पाहुणे येतायत. मीटिंगला तुम्ही बोला. मी बसेन मागं." आणि कागद फाइलला लावायला स्वतःकडं ठेवून घेतला.

ते मला अजूनही 'तुम्ही'च म्हणतात. यात मान किती आणि दुरावा किती, ते मला ठरवता येत नाही. माझी नोकरी कायम झाली ती त्यांच्याच सहीनं. पण "अरे, बोल रे" आता कानावर पडत नाही, आणि मीटिंगमध्ये बोलताना मी अजून घाबरतो.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी बायकोला फोन केला. पास झालो, म्हटलं. तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, "उद्याच जातो शाळेत. पोरीचा दाखला घेऊन ठेवतो."

मी म्हटलं, "थोडं थांब. अजून नोकरी कायम झाल्याचं पत्र हातात आलं नाही. आणि वर्षही संपायचंय शाळेचं. मास्तर काय म्हणतील?"

"मास्तरले सांगून ठेवतो ना का वर्ष संपलं का आम्ही चाललो. तुमी खोली पाहा," ती म्हणाली. "अन् पाण्याचं नीट पाहून घ्या. वरच्या माळ्यावर मी नाही राहणार."