नुस्तं बसणं

माझ्या आतेभावाइतक्या लवकर उठून जाणारा पाहुणा अख्ख्या रायगड जिल्ह्यात मिळायचा नाही. रेवदंड्याहून तो अलिबागला आमच्याकडे यायचा, पण चप्पल काही काढायचा नाही. दारातूनच विचारायचा, "मामीचा गुडघा कसा हाय?" माझ्या आईचा गुडघा बरा आहे असं कळलं, की "बरं" म्हणून पाठ फिरवायचा. माझी बायको चहाचं आधण ठेवून बाहेर येईस्तोवर स्वारी रिक्षात! लग्नासाठी मुलगी बघायला गेला तेव्हा तर पोहे यायच्या आत पसंती सांगून उठला. मुलीच्या वडिलांचा चेहरा पडला, पोहे न खाता उठला म्हणजे नकारच, असं त्यांना वाटलं. शेवटी मुलगीच बशी घेऊन दारापर्यंत धावली, "अवो, पोहे तरी खा!" त्याच आमच्या वहिनी.

हाच स्वभाव त्याने कॉम्प्युटरलाही लावला. डेटाबेसमधली माहिती मागून आणण्यासाठी त्याने एक छोटीशी लायब्ररी लिहिली होती, म्हणजे इतर प्रोग्रामरांनी आपल्या कामात फुकट वापरावा असा तयार कोड. फुंकर मारली तर उडेल इतकी हलकी. डेटाबेसशी कनेक्शन जोडायचं, प्रश्न विचारायचा, उत्तर घ्यायचं आणि कनेक्शन तोडायचं, एवढंच ती करी. माझ्या ऑफिसात आम्हीही तीच वापरतो. कुठकुठल्या देशांतले लोक त्याला विनवायचे, की बाबा रे, काम झाल्यावरही कनेक्शन थोडा वेळ राहू दे, दर वेळी नव्याने जोडण्यात वेळ जातो. हा ढिम्म. मी फोनवर एकदा वाद घालून पाहिला. "काम झालं की निघायचं. दुसऱ्याचं दार कशाला अडवायचं?" असं म्हणून त्याने फोन ठेवून दिला.

मग वहिनी आजारी पडल्या. अलिबागच्या दवाखान्यात त्याने त्यांचं सगळं केलं. डबा, औषधं, रिपोर्ट, कशात म्हणून कसूर नाही. पण खाटेजवळ यायचा, "दुखतंय का?" विचारायचा, "कमी हाय" ऐकायचा आणि लॅपटॉप घेऊन बाहेरच्या बाकावर जायचा. एका दुपारी मी तिथेच होतो.

"अवो, बसा ना जरा," वहिनी म्हणाल्या.

"काय हवंय?"

"काय न्हाय. नुस्ते बसा."

तो खरोखरच गोंधळला. चादर सारखी केली, भरलेली पाण्याची बाटली पुन्हा भरून आणली आणि "आलोच" म्हणून निघून गेला. वहिनी हसल्या. "पोह्यांपासूनची सवय हाय त्यांची," मला म्हणाल्या. तो परत आला तेव्हा त्रास वाढून त्यांना अतिदक्षता विभागात नेलं होतं. त्या पुन्हा बोलल्या नाहीत, तिथेच गेल्या. मला त्याचा राग नाही आला. नुस्तं बसणं हेही काम असतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

काही महिन्यांनी त्याच्या लायब्ररीची नवी आवृत्ती आली. काम संपल्यावरही कनेक्शन आता थोडा वेळ तसंच राहतं. इतकी वर्षं ज्यावरून तो जगाशी भांडला, तेच त्याने गुपचूप करून टाकलं होतं.

परवा रविवारी तो आमच्याकडे आला. दाराशी चप्पल काढली. आईच्या गुडघ्याची चौकशी केली, बरा आहे म्हणून ऐकलं आणि खुर्चीत बसला. बायकोने पोहे केले. ते त्याने सावकाश, शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ले. चहा झाला. बोलण्यासारखं काही उरलं नाही, तरी तो उठेना. मला अवघडल्यासारखं झालं.

"काही काम होतं का रे?" मी विचारलं आणि जीभ चावली.

"काय न्हाय," तो म्हणाला. "नुस्ता बसलोय."