दहावा दोर

न्दुआती माझा सख्खा धाकटा भाऊ. झाडावर चढायला त्याला मी शिकवलं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण तो कुणाला सांगत नाही. आमच्या डोंगरावर माझ्याइतकं उंच कुणी चढलं नव्हतं. आता जंगलाच्या कडेला पाहुण्यांसाठी झाडाझाडांमधून उंच वाट बांधलीय, तारांची आणि झुलत्या फळ्यांची. नैरोबीच्या शाळांच्या बस येतात, पोरं कमरेला पट्टे बांधून वर जातात. ते पट्टे, कड्या, तारा, दोर रोज सकाळी तपासायचे, वहीत सही करायची आणि मग फाटक उघडायचं, हे न्दुआतीचं काम. त्याची सही नसली तर एक पोर वर जात नाही. आमच्या घराण्यात अशी सही कुणाची नव्हती. माझी तर अंगठ्याच्या जराशी वरची.

पण माणूस डोक्यात जातो. चांगला धडधाकट निळा दोर घेतो आणि हातहातभर तुकडे करून टाकतो. का, तर म्हणे त्याचं काम संपलं. इथं आम्ही गाडीवरचा कोबी सुतळीला गाठी मारमारून बांधतो. दरवर्षी मागितलं मी त्याला.

"एक अख्खा दे रे. मी काय त्याला लटकणार आहे?"

"दादा, अख्खा दोर फिरून परत येतो. तुकडा येत नाही."

बस, एवढंच. पुढं बोलायचं भिंतीशी.

त्या गुरुवारी मी न्दुआतीच्या कामावर, पाहुण्यांच्या स्वयंपाकघरात कोबी टाकायला गेलो होतो. गोदामाचं दार उघडं. बाकावर दोर, कोरा करकरीत, शेजारी सुरी. न्दुआती कुणाच्या तरी हाकेला गेलेला. मी दोर उचलला, गाडीवरच्या पोत्यांखाली घातला आणि गाढवाला हाकललं. याला मी चोरी म्हणत नाही. तो तसाही कापूनच टाकणार होता.

शुक्रवारी संध्याकाळी न्दुआती घरी आला. माझी बायको वांगेची हिनं चहा दिला, तो त्यानं हातात धरूनच ठेवला.

"वाट बंद केलीय," म्हणाला. "उद्या साठ पोरं यायचीत."

"मग बंद कशाला केलीस?"

"पिकअपमध्ये बॅटरीतलं ॲसिड एका दोरावर सांडलं. वरून काही दिसत नाही, पण आतून सडतो. कधी तुटेल सांगता येत नाही. त्याची नंबराची पट्टी काढून कापायला ठेवला होता. मी नव्हतो तेवढ्यात कबिरूनं गोदाम आवरलं." कबिरू म्हणजे तिथला मॅनेजर. "शाळेचे लोक येणार, छान दिसावं म्हणून जुन्या पट्ट्या ओरबाडल्या आणि सगळ्यांना नव्या लावल्या. दहा दोर होते, आता खुंट्यांवर नऊ आहेत. गेला तो कुठला? सडका, का चांगल्यातला?"

"सडकाच गेला असेल."

"असेल, यावर पोरं टांगू?"

"आणि कबिरू काय म्हणतो?"

"सही कर, नाहीतर सकाळी चाव्या दे, म्हणतो. मी चाव्या देईन."

माझं टाळकंच फिरलं. एवढी नोकरी, आणि हा ती दोराच्या तुकड्यापायी घालवतो. "अरे, जरा वाकायला काय जातं तुझं?" मी ओरडलो. तो उठला, चहा तसाच ठेवला आणि गेला. जाताना बाजारासाठी भरलेल्या माझ्या गाडीजवळून गेला. तिच्यावर ताडपत्री होती.

वांगेची भांडी घासत म्हणाली, "कोबी कशानं आवळलाय, ते तू सांगतोस का मी जाऊन सांगू?"

"तू गप."

"मी गपच आहे. आजोबांचं नाव तुला मिळालं, थोरला म्हणून. लहान्याला नुसती अक्कल मिळाली."

गावातला मोठा माणूस मी. लग्नाची बोलणी करायला मला पुढं बसवतात. आणि मी मॅनेजरपुढं जाऊन काय सांगायचं, की गाढवाच्या गाडीसाठी दोर उचलला? चीड न्दुआतीची येत होती, कबिरूची येत होती, त्या बॅटरीची येत होती. कुणावर काढावी ते कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाठ सोडली, तसा अर्धा कोबी अंगणात घरंगळला. दोर खांद्यावर टाकून चालत फाटकापाशी गेलो. बस येऊन थांबलेली. पोरं खाली उतरलेली. न्दुआतीच्या हातात चाव्या.

"दोर मी नेला," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बाकावरचा, सुरीशेजारचा. मी गाथोगो, याचा थोरला भाऊ."

"बाबा, तुमच्यापायी दीड दिवस गेला माझा," कबिरू म्हणाला.

न्दुआतीनं दोर हातात घेऊन टोकापासून टोकापर्यंत चाचपला, टोकाला पट्टीचा डिंक चिकटलेला होता तो नखानं खरवडून पाहिला. मग खिशातून सुरी काढून माझ्यापुढं धरली.

"काप, दादा."

साठ पोरांसमोर मी कापला. हातहातभर. कोरा करकरीत दोर. मनगट भरून आलं.

वाटलं, आता सही करेल. कबिरूनं वही उघडून पेन पुढं केलं. न्दुआतीनं वही मिटून काखेत मारली, चाव्या खिशात टाकल्या आणि पहिल्या झाडाकडे चालू लागला, रोजच्यासारखी पहिली कडी तपासायला. दीड तास आम्ही फाटकाबाहेर उभे. साठ पोरं, कबिरू आणि मी.