वडगावला सांगितलेलं खरं

शहापुरात आमच्या समोर एक विणकराचं घर होतं. त्या घरातली मुलगी माझ्याच वयाची. दिवसभर बापाच्या मागाला सुताच्या कांड्या भरायची आणि सवड मिळाली की माझ्या आईकडं भरतकाम शिकायला यायची. ओसरीवर बसायची, आत मात्र कधी यायची नाही. आम्ही ख्रिस्ती. आईच्या आजोबांनी धर्म बदललेला. आमचं पाणी गल्लीत कुणाला चालत नव्हतं, आणि त्याचं आम्हालाही काही वाटेनासं झालं होतं.

एका उन्हाळ्यात तिचे आईबाप लुगडी घेऊन निपाणीच्या बाजाराला गेले होते. पोर हिवतापानं फणफणली आणि आडाजवळच कोसळली. आईनं तिला उचलून आमच्या घरात आणलं, अंगावर वाकळ घातली, तोंडात चमच्यानं पेज सोडली. ती शुद्धीवर आल्यावर आणखी वाटीभर प्यायली. तेवढ्यात तिची चुलती शोधत आली आणि दारातूनच परत फिरली.

पोरीचं लग्न वडगावला ठरलेलं होतं. कुजबूज तिथवर गेली. तिच्या बापानं साफ सांगितलं, पोर नुसती ओसरीवर टेकली होती. लोकांनी ते मानून घेतलं, कारण मानून घेणं सगळ्यांच्या सोयीचं होतं. गोष्ट मिटत आली होती.

पण आईला चैन पडेना. आपल्या हातून त्या घरावर बालंट आलं आणि आपण गप्प बसलो, ही टोचणी. त्याच सुमाराला पाळकसाहेबांनी उपदेश केला की, भावाच्या मनात तुमच्याविषयी काही असेल तर आधी जाऊन समेट करा, अर्पण मागाहून. त्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस वाटायच्या आधीच आई उठून बाहेर आली. दुसऱ्या दिवशी ती वडगावला गेली. पोरीचा काही दोष नाही, ती तापात होती, पेज मी पाजली, असं तिनं नवऱ्या मुलाच्या बापाला सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. आई हलक्या पावलांनी घरी आली.

चार दिवसांत लग्न मोडलं. जी गोष्ट नुसती कुजबूज होती, तिला आता खुद्द ख्रिस्तीण बाईची कबुली मिळाली होती. विणकराची बायको आमच्या दारासमोर उभी राहून रडली.

आई मला घेऊन पाळकसाहेबांकडं गेली. ते म्हणाले, तुमच्या हातून हे नकळत झालं, देव मन बघतो, निश्चिंत असा. त्यांच्या घरी चहा झाला. मीही प्यायले. त्या चहाची मला अजून चीड येते.

पोर पुढं खानापूरच्या एका बिजवराला दिली. लाकडाच्या वखारीवरचा माणूस, बापाच्या वयाचा, पदरात पोरं. आई तिच्याकडं जायची. दरवेळी फळं, कापड असं काही घेऊन जायची. शेवटच्या खेपेला मी बरोबर होते. तिनं आम्हाला परसात नेलं आणि दार ओढून घेतलं.

"बाई, पेज दिलासा त्याचा राग न्हाय मला," ती म्हणाली. "त्या दिशी दुसरं कोण हुतं? पण वडगावला कशाला गेलासा?"

"खरं सांगायला," आई म्हणाली.

"कुणी इचारलं हुतं?"

आईनं हात जोडून माफी मागितली.

"केलं माफ. आता येऊ नगासा. तुमी आलासा की तुमचं मन हलकं हुतंय. मागनं सासू मला सगळं घर धुवायला लावती आणि उपाशी ठेवती."

आई पुन्हा गेली नाही. पापक्षालनासाठी जावं लागतं, एवढंच तिला शिकवलं होतं. न जाणं हीही प्रायश्चित्ताची एक रीत असते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती तिनं एकटीनं शिकून घेतली, आणि ती तिला जमली असं मी म्हणणार नाही. दर प्रभुभोजनाला ती उठून बाहेर जाई. मंडळीतल्या बायका म्हणत, हिच्या मनात काहीतरी मोठं पाप दडलंय. मला तिचा राग येई, पाळकांचा येई, आणि कधीकधी त्या समोरच्या पोरीचाही.

आई आजारी पडली तेव्हा नवे पाळक भाकर आणि द्राक्षारस घेऊन घरी आले. ती म्हणाली, "तिनं माफ केलं, पण मला घालवायला केलं. ते धरायचं का?" पाळक म्हणाले, क्षमा देवाची असते. तिनं डोळे मिटले आणि तोंड उघडलं. बाहेर येऊन पाळक मला म्हणाले की, आईंना शेवटी शांती मिळाली. मी तिच्या उशाशीच बसले होते. ती नुसती थकली होती.