फळ्यावर खोटं चालत नाही

बोरगावात राजमतीबाईंच्या क्लासला फी नव्हती, पण एक नियम होता आणि तो फीपेक्षा जड होता. फळ्यावर लिहायचं वाक्य खरं पाहिजे.

बाई तिथल्याच शाळेत चौतीस वर्षं शिकवून रिटायर झालेल्या. घरी बसून हात शिवशिवू लागले, म्हणून शाळेनं टाकून दिलेला फळा घराच्या पुढच्या सोप्यात टांगला आणि गल्लीतल्या सुनांना बोलावलं. पोरं इंग्लिश मीडियमला. सुनांना मराठी आणि कन्नड दोन्ही फाडफाड, पण शाळेच्या मीटिंगला गेलं की त्यांची दातखीळ बसायची. दुपारी तीन ते चार, धारा काढायच्या आधी, पाचजणी वह्या घेऊन येऊ लागल्या.

सुटे शब्द त्यांना येत होते. घोडं अडायचं ते जोडक्रियापदांशी. गेट अप, गेट ऑन, गेट ओव्हर. मागचं शेपूट बदललं की अर्थ पार दुसऱ्या गावाला. गाइडात अशी तीनशे होती. त्यातली वाक्यं वाचून बाईंचं डोकं फिरलं. कुणा जॉननं म्हणे पार्टी कॉल ऑफ केली. हा जॉन कुठल्या गल्लीतला, असं म्हणत त्यांनी गाइड माळ्यावर टाकलं. तेव्हापासून रोज एक क्रियापद, आणि प्रत्येकीनं आपल्या घरात खरोखर घडलेलं वाक्य आणायचं. पहिलं वाक्य बाईंचं.

असं शिकलं की विसरायची सोय राहत नाही. सौम्यानं लिहिलं, 'अवर मोटर ब्रोक डाउन', आणि तिच्या घरचा ऊस वाळतोय हे सगळ्यांना ठाऊक होतं. रूपालीनं एकदा आपला नवरा पाचला 'गेट्स अप' म्हणून ठोकून दिलं. बाईंनी पुसायला लावलं. आठच्या आधी त्याचं तोंड गल्लीत कुणी बघितलं नव्हतं. रूपाली फुगली, पण आठ लिहूनच खाली बसली.

आता खरं सांगायचं तर बाईंचा स्वभावच तसा, मनात आलं की तोंडावर बोलून मोकळ्या. त्याच तोंडानं सात वर्षांपूर्वी घात केला होता. सदलग्याला त्यांची थोरली बहीण जयाबाई. तिच्या लेकाचं, गोमटेशचं लग्न होतं. जैनांचं घर, दिवस मावळायच्या आत जेवण आटपायचं. पण पंगतच उशिरा बसली. बाई भर पंगतीत उठल्या, नव्या व्याह्यांच्या देखत म्हणाल्या की आमच्या आईच्या घरात असलं कधी झालं नाही, आणि न जेवता बोरगावला निघून आल्या. जयाबाईंनी त्या दिवसापासून बोलणं टाकलं. मधे वाट अर्ध्या तासाची, पण सात वर्षं दोघींपैकी कुणी ती चालली नाही.

त्या शुक्रवारी पाळी आली पॅच अपची. बिघडलेलं नातं पुन्हा जुळवणं. पॅच अप तर आम्ही मराठीतच म्हणतोय की, म्हणून सगळ्या हसल्या. बाई खडू घेऊन फळ्याकडं वळल्या आणि तिथंच थांबल्या. मागं पाचजणी वाट बघत होत्या. मग त्यांनी भरभर लिहिलं, 'आय पॅच्ड अप विथ माय सिस्टर.'

पाचजणींतल्या श्रद्धाचं माहेर सदलग्याचं, जयाबाईंच्या भिंतीला भिंत. तिनं वही मिटली.

"बाई, हे खरं न्हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "जयाआक्का सोमवारी गोमटेशअण्णाकडं पुण्याला चालल्यात, कायमच्या. घर बंद करायलेत."

बाईंचे कान लाल झाले. त्यांनी आपल्या हातानं वाक्य पुसलं आणि क्लास सोडून दिला. सुनांसमोर खोटं पकडलं गेलं त्याची लाज होतीच, पण बहीण कायमची चालली हे ऐकून त्यांना रात्रीचं जेवणही गेलं नाही.

शनिवारी दुपारी बाई सदलग्यात हजर. जयाबाई स्वयंपाकघरात डबे रिकामे करत होत्या. ये म्हणाल्या नाहीत, जा पण म्हणाल्या नाहीत. बाईंनी पदर खोचला आणि डबे पुसायला बसल्या. तास-दीड तास नुसता डब्यांचा आवाज. शेवटी बाईंनाच राहवलं नाही.

"आक्का, त्या दिवशी माझं चुकलं. पंगतीत बोलाय नको हुतं."

जयाबाईंचा हात थांबला. मग सात वर्षं पोटात ठेवलेलं सगळं बाहेर आलं. नवरीकडची बस निपाणीच्या अलीकडं पंक्चर झाली होती. पाहुण्यांना उपाशी ठेवून घरच्यांनी आधी जेवायचं का? त्या सांजेला त्यांनी स्वतः पाण्याचा थेंबही तोंडात घेतला नव्हता. धाकटीनं हे विचारलंसुद्धा नाही, नुसतं सुनावलं. बाईंना मान वर करवेना. कुठून ही जीभ आपल्याला मिळाली, असं त्यांना झालं.

जयाबाईंनी खिडकीतून उन्हाकडं बघितलं आणि गॅस पेटवला.

"दिस मावळायच्या आत जेवून जा," एवढंच म्हणाल्या.

भाकरी आणि दोडक्याची भाजी वाढली. पुढं काही बोलणं झालं नाही, आणि बाई शेवटच्या उजेडात बसमध्ये बसल्या.

सोमवारी तीनला त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'आय वेंट ओव्हर टू माय सिस्टर्स हाऊस.' श्रद्धानं मान डोलावली आणि पॅच अपचं काय, म्हणून विचारलं.

"ते एकटीनं लिहायचं वाक्य न्हाय," बाई म्हणाल्या आणि खाली जागा मोकळी सोडली.

साडेतीनला दारात गाडी थांबली. गोमटेश आईला घेऊन पुण्याला निघाला होता, पण जयाबाईंनी गाडी बोरगावात थांबवायला लावली होती. त्या सोप्यात आल्या तशा पाचही जणी उठून उभ्या राहिल्या. जयाबाईंना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. तरी त्यांनी फळा खालपर्यंत बघितला आणि ही जागा मोकळी का, असं विचारलं. श्रद्धानं सगळं सांगितलं, शुक्रवारचं खोटं वाक्यसुद्धा.

जयाबाईंनी खडू उचलला आणि धाकटीच्या हातात दिला.

"मग लिही की. मी साक्षीला हाय."

बाईंनी शुक्रवारचंच वाक्य पुन्हा लिहिलं. डोळे भरले होते, अक्षर पार वाकडं आलं. पाचही जणींनी ते वहीत उतरवून घेतलं.