इस्माईलनं चहा सोडला तेव्हा

हदगावला लेकीच्या घरी सकाळी आंघोळ उरकून, शर्ट घालून, मी पोह्यांच्या बशीला नुकताच हात लावला होता, तेवढ्यात फोन वाजला. फोन अस्लमचा होता. अस्लम म्हणजे इस्माईलचा मोठा मुलगा. जळकोटला माझ्या किराणा दुकानाला लागूनच इस्माईलचं शिवणाचं दुकान, आणि अस्लम बापाबरोबर तिथंच काम करायचा. त्यानं मला असा कधी फोन केलेला नव्हता. "अप्पा, अब्बा गेले," एवढंच तो बोलला. मी विचारलं, "कुठं गेला?" माणूस किती मूर्खासारखं बोलतो अशा वेळी... तो म्हणाला, "मशीनवर बसले होते अप्पा. मान टाकली ती टाकलीच. दवाखान्यात नेलं, पण काही राहिलं नव्हतं." मी फोन ठेवला आणि खाली पाहिलं. शर्टाची वरून दुसरी गुंडी एका दोऱ्यावर लोंबत होती. शर्ट इस्माईलनं शिवलेला, आणि ती गुंडी आदल्या दिवशी त्यानंच पाहिलेली.

हदगावहून नांदेड, नांदेडहून मुखेड, तिथून जळकोट. प्रत्येक स्टँडवर गाडी लागायला उशीर आणि माझी नजर घड्याळावर. जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजनंतर माती होणार, हे अस्लमनं सांगितलं होतं. मी उतरलो तेव्हा लोक कब्रस्तानातून परतत होते. आमच्या लिंगायतांतही माणसाला मातीच देतात, त्यामुळं मूठभर मातीचं मोल मला कुणी सांगायला नको. ती मूठ माझ्या हातून राहिली. अस्लम मला परत घेऊन गेला, ओल्या ढिगाऱ्यापाशी उभं केलं, आणि मी तीन मुठी माती वरून टाकली. उशिरा टाकलेली माती पोहोचते की नाही, हे मला माहीत नाही.

आमची दुकानं पस्तीसेक वर्षं शेजारी. मधे फळ्यांची भिंत, आणि त्या भिंतीत बसल्या जागी हात जाईल एवढी चौकोनी खिडकी. ती कुणी केली यावर आमचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. मी म्हणायचो तू कापलीस, तो म्हणायचा तुझ्या बापानं. त्या खिडकीतून पलीकडे चहा जायचा. दिवसाला आठ-दहा वेळा तरी. चहाला वेळ नसते पण वेळेला चहा लागतो म्हणतात, इस्माईलला तर वेळ-अवेळ काहीच नव्हतं. मी ग्लास आत सरकवायचो, एक हात यायचा, सुई टोचू नये म्हणून मधल्या बोटात घातलेलं अंगुस्तान तसंच, आणि थोड्या वेळानं रिकामा ग्लास खिडकीत उपडा येऊन बसायचा. उपडा का, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "सुलटा ठेवला की तू पुन्हा भरतो अप्पा." उपडा ठेवला तरी मी भरायचोच, ही गोष्ट वेगळी. वर्षातून दोनदा माझे शर्ट तो शिवायचा. माप त्याला तोंडपाठ, तरी टेप लावल्याशिवाय सोडायचा नाही, आणि चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं सांगायचा, "पोट वाढून राहिलंय बरं का अप्पा. आता माझ्या कात्रीच्या हाती काही न्हाई." मी चिडायचो. लोक हसायचे. त्या चिडण्याची आता आठवण येते, हे लिहितानाही मला त्याचा रागच येतो आहे.

दोन वर्षांमागं त्याला घेरी आली. लातूरला नेलं. ईसीजीची पट्टी काढली, तपासण्या झाल्या. हृदयाचे ठोके एकसारखे पडत नाहीत, मधेच पळतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या. जर्दा बंद करायला सांगितला, आराम करायला सांगितलं, आणि चहाबद्दलही काही सांगितलं. मी सोबत गेलो होतो, पण त्या वेळी बाहेर औषधाच्या रांगेत उभा होतो. परतीच्या एसटीत इस्माईल म्हणाला, "चहा बंद." मी म्हटलं, "सगळाच?" तो म्हणाला, "बंद म्हंजे बंद. अर्धवट काम मला जमत न्हाई." हे खरंच होतं. एक टाका वाकडा गेला की सगळी शिवण उसवणारा तो माणूस. दुसऱ्या दिवशी मी सवयीनं ग्लास सरकवला, तर तो भरलेलाच परत आला. मी तो घेऊन बराच वेळ बसून राहिलो. मग मोरीत ओतला.

आता इथं माझी चूक सुरू होते, म्हणून सावकाश सांगतो. आमच्याकडं दारात आलेल्याला चहा न पाजता जाऊ देणं म्हणजे त्याला हाकलल्यासारखंच. वैऱ्यालाही आम्ही कोरड्या तोंडानं पाठवत नाही. आणि इथं माझा शेजारी दिवसभर एका फळीपलीकडं कोरडा बसलेला. मला गिळवेना. पंधरवडाभर मी स्वतःचा चहासुद्धा मागच्या बाजूला जाऊन प्यायलो, वास पलीकडं जाऊ नये म्हणून. त्याच सुमारास माझ्या फ्रीजमध्ये ते एनर्जी ड्रिंकचे उभट कॅन आले होते. ट्रकवाले न्यायचे, लातूरला शिकणारी आणि सुटीत घरी आलेली पोरं न्यायची. प्यालं की तरतरी येते, म्हणायची. एका दुपारी इस्माईल पलीकडून म्हणाला, "अप्पा, त्या गोळीनं अंग गळून राहिलंय रे. पाय मशीनवर हालंना." मी फ्रीज उघडला, एक कॅन काढला आणि खिडकीत ठेवला. 

"हे काय हाय?" 

"ताकदीचं आहे. पी." 

"चहा न्हाई ना यात?" 

"थेंबभर नाही." 

"मग चालतंय," असं म्हणून त्यानं कॅन घेतला. 

मला इतका आनंद झाला की काय सांगू... खिडकी पुन्हा सुरू झाली होती. रोज्यांचा महिना आणि सुटीचे दिवस सोडले तर पुढची दोन वर्षं दुपारचा एक कॅन मी त्याला देत राहिलो. घे म्हणायचो, आणि तो घ्यायचा. फरक एवढाच होता की ग्लास परत यायचा, कॅन कधी परत आला नाही. फेकून देत असेल, असं मी धरून चाललो.

दुकानदार पुडक्यावर दोनच गोष्टी वाचतो, किंमत आणि तारीख. त्या कॅनवर बारीक इंग्रजी अक्षरांत बरंच काही छापलेलं होतं. इस्माईलला इंग्रजी येत नव्हतं. मला येत होतं, मी बी.कॉम. झालेला माणूस. वर्तमानपत्राची ही पुरवणी चाळणाऱ्यांना माझी पत्रं कदाचित आठवत असतील, एसटीच्या वेळापत्रकात आणि नळाच्या नोटिशीत चुका काढून पाठवलेली. तो मी, हातातला डबा फिरवून वाचू शकलो नाही. इस्माईल गेल्यावर वाचला. ज्यांना कॅफीन सोसत नाही त्यांनी हे पिऊ नये, असं त्यावर लिहिलं होतं. कॅफीन म्हणजे चहा-कॉफीत असतं तेच. चहाचा थेंब नाही असं मी त्याला सांगितलं होतं, आणि ज्या गोष्टीमुळं चहा सोडायचा तीच त्या डब्यात भरलेली होती.

मी हदगावला निघालो त्या दुपारी त्यानं खिडकीतून माझ्याकडं पाहिलं. "अप्पा, गुंडी लोंबून राहिली तुझी. काढ शर्ट, दोन मिन्टांत लावतो." गाडीची वेळ झाली होती. मी म्हणालो, "आल्यावर लाव." आणि फ्रीजमधून एकाऐवजी दोन कॅन काढून खिडकीत ठेवले. "एक उद्याचा. मी नाही उद्या." त्यानं दोन्ही घेतले. "लेकीला सलाम सांग," म्हणाला. नंतर अस्लमला मी एकदाच विचारलं, मशीनवर काय काय होतं? अस्लम म्हणाला, एक अर्धा शिवलेला कुर्ता, कात्री, आणि अर्धा राहिलेला कॅन.

तिसऱ्या आठवड्यात लातूर गाठलं. पिशवीत कॅन घेतला होता. डॉक्टरांनी इस्माईलला ओळखलं, जुने कागद पाहिले, कॅन फिरवून वाचला, मी वाचायला हवा होता तसा. मी सरळ विचारलं, "यानं गेला का तो?" ते म्हणाले, "याच्यामुळंच गेले, असं मला सांगता येणार नाही. आजार होताच. ठोक्यांच्या दुखण्यात असं अचानक होऊ शकतं, काही न पिताही. पण अशा माणसानं हे पिऊ नये. यानं ठोके जास्त पळू शकतात. मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं." मी उठलो. दारापर्यंत गेलो आणि परत वळलो. "आणि चहा?" ते कागदात बघून म्हणाले, "चहा कमी करा, असं सांगितलं होतं मी. बंद करा म्हटलं नव्हतं. त्यांच्या तब्येतीला दिवसातून एक-दोन कप चालले असते." 

एक-दोन कप चालले असते! येताना एसटीत त्याच बाजूला बसलो, जिथं आम्ही दोन वर्षांमागं बसलो होतो, आणि रडलो. शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढं केली. मी नको म्हणालो, तर त्यांनाच वाईट वाटलं.

चाळिसाव्या दिवशी इस्माईलच्या घरी गेलो. जेवणं झाली, लोक पांगले. इस्माईलची बायको जुबेदाभाभी इद्दतमध्ये, नवरा गेल्यावर पाळायच्या दिवसांत, म्हणून पडद्याआड. अस्लमला म्हटलं, मला आईशी बोलायचंय, तू इथंच थांब. पडद्याकडं तोंड करून बसलो आणि सगळं सांगितलं. कॅन, डॉक्टर, चहाचे एक-दोन कप, उद्यासाठी दिलेला दुसरा कॅन. समोर तोंड दिसत नव्हतं म्हणूनच मला बोलता आलं असावं. आतून भाभी बोलल्या. 

"मला ठाऊक हाय अप्पा. मला म्हणायचे, ते पिलं की छातीत फडफडतंय. मी म्हणलं, मग कशाला पिता? तर म्हणले, चहा बंद केला तवा अप्पाचं तोंड एवढंसं झालतं. आता हेबी नको म्हणलं तर खिडकीच बंद व्हईल." 

मी माझ्या समाधानासाठी देत होतो, तो माझ्या समाधानासाठी पीत होता, आणि मधल्या फळीमुळं आम्हाला एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. मला फक्त त्याचा हात दिसायचा. दुसरा हात छातीवर असला तरी मला कसं कळणार? 

"भाभी, माझ्या हातून..." मी म्हणायला लागलो. 

"तुमी जीव लावून दिलं अप्पा, त्याला न्हाई म्हणत न्हाई मी," त्या म्हणाल्या. आणि पुढं म्हणाल्या, "पर एक डाव डॉक्टरला इचारायचं होतं. तुमी बी, त्यांनी बी." एवढंच. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मीही मागितलं नाही. अस्लमनं आतून चहाचा कप आणून माझ्या हातात दिला. त्या घरात चहा नको म्हणायची माझी छाती झाली नाही. प्यालो.

माझ्या फ्रीजमध्ये आता ते कॅन नाहीत. यात मोठेपणा काही नाही, स्टँडसमोरच्या दुकानात ते ढिगानं मिळतात. एवढंच सांगतो, घरात कुणाला हृदयाची गोळी चालू असेल तर पथ्य काय आहे ते आत जाऊन स्वतःच्या कानांनी ऐका, आणि ताकदीचं म्हणून काही देण्याआधी विचारा. आपल्याकडं विचारायची लाज वाटते आणि नाकारायचीही. या दोन लाजांनी माझ्या मित्राचं काय केलं, ते मला नेमकं कधीच कळणार नाही. डॉक्टरांनाही कळलं नाही.

चाळिसाव्यानंतर अस्लमनं दुकान उघडलं. मला पलीकडं बोलावलं. इतक्या वर्षांत मी त्या फळीच्या पलीकडं फार थोड्या वेळा गेलो असेन. खिडकीच्या बरोबर खाली, माझ्या बाजूनं कधीच दिसली नसती अशी एक फळी होती, आणि तिच्यावर ओळीनं माझे कॅन. वरचा भाग कात्रीनं कापलेला, बोटाला लागू नये म्हणून कडेला कापडाची पट्टी चिकटवलेली. एकात पांढऱ्या गुंड्या, एकात काळ्या, एकात हूक, एकात बॉबिन. शेवटच्या डब्यावर खडूनं मोठ्या वेड्यावाकड्या मराठी अक्षरांत लिहिलं होतं, "अप्पा". त्यात माझ्या शर्टांच्या उरलेल्या गुंड्या होत्या, प्रत्येक शर्टाच्या दोन-दोन, दोऱ्यात ओवून ठेवलेल्या.

तो डबा आता खिडकीत असतो, जिथं ग्लास असायचा तिथं. अस्लमनं दोनदा विचारलं, "अप्पा, शर्ट आणा की, दोन मिन्टांचं काम हाय." मी आणत नाही. शर्ट दुकानातच खिळ्याला टांगलेला आहे, गुंडी तशीच एका दोऱ्यावर. आल्यावर लाव, असं मी इस्माईलला सांगितलं होतं. मी आलोय.